बागेतलं मोरचूद क्वारंटाइन टाकीत चालेल का? रविवारी मासे येतायत, नाशिककरांनी सांगा

द्राक्षवाला_क्लाऊन

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगर, नाशिकचा. घरी चार फुटी रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची) आहे. त्यात एक गोबी, दोन क्लीनर श्रिंप, थोडे सॉफ्ट कोरल आहेत आणि सगळं नीट चाललंय. येत्या रविवारी मुंबईहून ऑसेलारिस क्लाऊन माशांची जोडी आणि एक कोरल ब्यूटी मासा आणणार आहे. या वेळी थेट मोठ्या टाकीत सोडायचे नाहीत, आधी वेगळ्या टाकीत औषधपाणी करायचं असं ठरवलंय. त्यासाठी २४ × १२ × १५ इंचाची टाकी, नवा स्पंज फिल्टर आणि १०० वॉटचा हीटर तयार ठेवलाय. टाकी सत्तर लिटरची आहे.

दुकानदार म्हणाला की पहिल्याच दिवशी कॉपर, प्राझी (प्राझिक्वान्टेल), मेट्रोनिडाझोल आणि मिथिलिन ब्लू असं सगळं एकदम टाकायचं, म्हणजे जे काय असेल ते एकाच वेळी मरतं. हे बरोबर आहे का?

दुसरं असं की आमची पिंपळगावला द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्या चालू आहेत, त्यामुळे शेडमध्ये मोरचुदाची पोती आहेतच. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच ना? मग कॉपरची महागडी बाटली घेण्यापेक्षा तेच वापरलं तर? किती टाकायचं तेवढं सांगा.

रात्री थंडी पडायला लागलीय. घाईत लिहितोय, काही सुटलं असेल तर विचारा.

---

सातपूर_सम्प

मित्रा, आधी दोन गोष्टी. त्या टाकीत रीफमधला दगड, वाळू, शिंपले यातलं काहीही ठेवू नकोस. तळ कोरा हवा. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो टाक, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दगड आणि कोरलची वाळू कॉपर शोषून घेतात, त्यामुळे तू टाकशील ते पाण्यात राहणारच नाही.

आणि जाळी, नळी, बादली, थर्मामीटर सगळं वेगळं ठेव. क्वारंटाइनच्या जाळीवर लाल टेप लाव, म्हणजे घरातलं दुसरं कुणी चुकून मोठ्या टाकीत घालणार नाही. ओल्या जाळीतूनही रोग जातो.

मोरचुदाबद्दल मी बोलत नाही, देवळालीच्या ताई बोलतील. त्यांची वाट बघ, तोवर काही टाकू नकोस.

---

देवळाली_खारं_पाणी

आले. सविस्तर लिहिते, वेळ काढून वाच. रविवारला अजून अवधी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये झाली. त्यामुळे कुणी "थोडंसं टाक" म्हणालं की मी आधी विचारते, थोडंसं म्हणजे किती, आणि कशात?

तुझी टाकी सत्तर लिटरची नाही. बाहेरून मोजलीस तर ७० लिटर भरते. पण काचेची जाडी वजा कर, वर दोन बोटं मोकळी ठेवतोस ती वजा कर, स्पंज फिल्टर आणि एल्बोंनी व्यापलेली जागा वजा कर. मी हिशोब केला तर पाणी ५६ लिटरच्या आसपास येतं. सत्तर धरून औषध टाकलंस तर पहिल्या थेंबापासून सव्वापट डोस झाला. खाऱ्या पाण्यातल्या कॉपरला एवढी सूट नसते. म्हणून माझ्या हिशोबावरही विसंबू नकोस. टाकी भरताना पाच लिटरचं माप घे, मोजून ओत आणि प्रत्येक मापाला वहीत रेघ मार. भरून झालं की बाहेरून काचेवर मार्करने पातळीची खूण कर. ही खूण पुढे रोज लागणार आहे.

आता मोरचूद. होय, ते कॉपर सल्फेटच, पाच रेणू पाणी धरून ठेवलेलं. त्याच्या वजनात साधारण २५.५ टक्के तांबं असतं. निव्वळ कॉपर सल्फेटने उपचार करायचे तर पाण्यात लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं ठेवतात. त्याखाली गेलं तर परजीवी मरत नाही, वर गेलं की माशाच्या कल्ल्यांना इजा व्हायला लागते. तुझ्या ५६ लिटरला ०.२० ने ११.२ मिलिग्रॅम तांबं लागेल, म्हणजे ४४ मिलिग्रॅम मोरचूद. एक ग्रॅमचा विसावा भागसुद्धा नाही. बागेत तुम्ही फवारणीचं एक टक्का बोर्डो मिश्रण करताना शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घालता. तो हात आणि हा हात यांत फार अंतर आहे. चिमटीत जे येतं ते ४४ मिलिग्रॅमच्या कितीतरी पट असतं.

तू म्हणशील, द्रावण करून सिरिंजने टाकेन. मापाचा प्रश्न त्याने सुटतो, बाकीचे दोन सुटत नाहीत. एक, शेतीसाठीचं मोरचूद शुद्ध असेलच असं नाही. पानांना ते चालतं, पण ५६ लिटर पाण्यात महिनाभर श्वास घेणाऱ्या जिवाचा विचार करून ते बनवलेलं नसतं. दोन, समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास आणि त्यात कार्बोनेट भरपूर. नुसतं कॉपर सल्फेट त्यात टिकत नाही, साका होऊन खाली बसतं. सकाळी ०.२० असलेलं संध्याकाळी घसरलेलं असतं. मग माणूस पुन्हा टाकतो, पुन्हा बसतं. एखाद्या दिवशी पीएच उतरला की बसलेलं तांबं परत विरघळतं आणि आकडा एकदम चढतो. ज्यांच्याकडे प्रयोगशाळा आहे आणि दिवसातून दोनदा मोजायला माणूस आहे त्यांनी हे करावं. तू नोकरी सांभाळून करणार आहेस, तुला टिकाऊ कॉपरच हवं.

बाजारात दोन तऱ्हा मिळतात. सीकेमचं क्युप्रामिन, त्याचं लक्ष्य ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर. आणि चिलेटेड (दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेलं) कॉपर, म्हणजे कॉपर पॉवरसारखं, ज्याचं लक्ष्य २ ते २.५ असतं. इथेच लोकांचा घोळ होतो. मोरचुदाला ०.२०, क्युप्रामिनला ०.५ आणि चिलेटेडला २.५, तिन्हीला आपण "कॉपर" म्हणतो आणि एकाचा आकडा दुसऱ्याला लावतो. क्युप्रामिन २.५ वर नेलंस तर रात्रीत सगळे मासे जातील. चिलेटेड ०.५ वर ठेवलंस तर इकचा, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा, परजीवी मजेत जगेल. बाटली कोणती घेतलीस ते टाकीवर कागद चिकटवून लिही, लक्ष्याचा आकडाही लिही.

कॉपर मोजायचं साधन नसेल तर कॉपर टाकूच नये, हे माझं ठाम मत आहे. हॅनाचा हाय रेंज कॉपर चेकर ० ते ५ पीपीएम, म्हणजे लिटरला तेवढे मिलिग्रॅम, मोजतो. महाग आहे, पण आकडा दाखवतो, रंग जुळवत बसावं लागत नाही. नाहीतर निदान त्या औषधाला लागू पडणारा किट घे. कुठलंही साधन आणलं की आधी औषध न टाकलेल्या ताज्या खाऱ्या पाण्याची चाचणी कर. शून्याजवळ यायला हवं. तिथेच भलता आकडा आला तर पुढच्या सगळ्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवणार? काचेची कुपी आतबाहेरून पुसून, बोटांचे ठसे न ठेवता लाव. लॅबमध्ये नव्या मुलांना मी पहिली गोष्ट हीच शिकवायचे.

सिरिंज मेडिकलमधून १ मिलीची ट्यूबरक्युलिनची माग. इन्सुलिनची नको. तिच्यावर मिली नसतात, युनिट असतात. शिवाय ४० युनिटची वेगळी आणि १०० ची वेगळी, घाईत हमखास चूक होते. क्युप्रामिन खाऱ्या पाण्यात ४० लिटरला १ मिली, ४८ तासांनी तेवढंच पुन्हा, असं बाटलीवर आहे. तुझ्या ५६ लिटरला ते दरखेप १.४ मिली. कोरल ब्यूटीसाठी मी ते आणखी हळू करेन, खाली सांगते.

आता दुकानदाराचं "सगळं एकदम". हे करू नकोस. रागाने नाही, कारणाने सांगते.

मिथिलिन ब्लू जखमेला किंवा गुदमरलेल्या माशाला वेगळ्या भांड्यात थोड्या वेळाच्या स्नानासाठी चांगलं आहे. टाकीत टाकलंस की स्पंजमधले अमोनिया खाणारे जिवाणू मारतं. वर पाणी निळं होतं, आणि अमोनिया काय, कॉपर काय, आपल्या सगळ्या चाचण्या रंगावर चालतात. निळ्या पाण्यात चेकरचा आकडा निरर्थक. म्हणजे ज्या दिवशी तुला सगळ्यात जास्त मोजायची गरज आहे त्याच दिवशी तू आंधळा झालास.

मेट्रोनिडाझोल पोटातल्या एकपेशीय परजीवींवर चालतं. माशाची विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी दिसायला लागली, खाऊनही पोट खपाटीला गेलं, तर ते खाण्यात मिसळून द्यायचं. लक्षण नसताना पाण्यात ओतून काही मिळवत नाहीस. हे चिठ्ठीवरचं औषध आहे, पशुवैद्याला विचारूनच घे.

प्राझिक्वान्टेल चपट्या कृमींवर, म्हणजे फ्लूकवर. त्याचं कॉपरशी उघड वैर नाही, पण ते टाकलं की पाण्यात जिवाणू वाढतात आणि ऑक्सिजन खेचतात. नवा मासा, नवी टाकी, कल्ल्यांवर कॉपरचा ताण, त्यात प्राणवायूही कमी. यातून मासा गेला तर कशाने गेला ते तुला कधीच कळणार नाही. एका वेळी एकच औषध ठेवलं की बिघडल्यावर काय मागे घ्यायचं ते तरी कळतं. प्राझीसाठी कुत्र्यांच्या जंताच्या गोळ्या कुणी सुचवेल, त्या घेऊ नकोस. त्यात बहुतेक वेळा पायरँटेलसारखी दुसरी औषधंही असतात.

आणि कॉपर म्हणजे सर्वरोगहर नाही. ते इक आणि व्हेल्व्हेटवर चालतं. क्लाऊनला हमखास होणाऱ्या ब्रुकवर, म्हणजे ब्रुकलिनेल्लावर, ते चालत नाही. तुझ्याकडे क्लाऊनच येणार आहेत, म्हणून ओळख पक्की कर. इकमध्ये मिठाच्या खड्यासारखे सुटे ठिपके दिसतात, मोजता येतात, एकदोन दिवसांत नाहीसे होऊन पुन्हा येतात. व्हेल्व्हेटमध्ये बारीक पिठीसारखा थर दिसतो, प्रकाश तिरपा पाडला की सोनेरी झाक दिसते. मासा प्रवाहात तोंड धरून उभा राहतो, भराभर श्वास घेतो, उजेड टाळतो. ब्रुकमध्ये अंगावर बुळबुळीत पांढुरका पडदा धरतो आणि त्वचा सुटल्यासारखी दिसते, खाणं बंद होतं. व्हेल्व्हेट आणि ब्रुकला तासांचा हिशोब असतो, इथे प्रश्न टाकून उत्तराची वाट बघायला वेळ नसतो.

माझा क्रम असा. पहिले दोनतीन दिवस औषध नाही. मासे खायला लागू देत, अमोनिया शून्यावर आहे ना बघ, श्वास मोज. सगळं शांत असेल तर कॉपर सुरू कर आणि पूर्ण पातळी गाठायला चारपाच दिवस घे. कोरल ब्यूटी छोट्या एंजलमधली, हे मासे कॉपरला नाजूक असतात. तिने खाणं सोडलं की पुढचा डोस थांबव, आहे त्या आकड्यावर एक दिवस राहू दे. मात्र व्हेल्व्हेटचं लक्षण दिसलं तर ही सावकाशी नाही. गोड्या पाण्याचं पाच मिनिटांचं स्नान, त्या पाण्याचं तापमान आणि पीएच टाकीशी जुळवून, आणि मग एकदोन दिवसांतच पूर्ण पातळी.

किती दिवस? बाटलीवर १४ आहेत. पण इकचा परजीवी माशावरून गळून तळाला जातो, कवच करून बसतो, आणि कवचातल्याला कॉपर काही करत नाही. कवच फुटून पोहत बाहेर आलेली पिल्लं कॉपरने मरतात. काही कवचं फुटायला तीनचार आठवडे घेतात. म्हणून त्याच टाकीत राहणार असतील तर पूर्ण पातळीवर सलग ३० दिवस. १४ दिवसांवर थांबायचं असेल तर मासे दुसऱ्या, पूर्ण कोरड्या करून नव्याने भरलेल्या टाकीत हलवायचे. मध्ये एक दिवस जरी आकडा खाली गेला तरी मोजणी पहिल्यापासून.

कॉपरचे दिवस संपले की पाणी बदलून आणि फिल्टरमध्ये कार्बन (कोळसा) लावून ते काढ, मग प्राझी. लिटरला २.५ मिलिग्रॅम, तुझ्या टाकीला १४० मिलिग्रॅम. कार्बन काढून ठेव, हवा दुप्पट कर. आठवड्याने दुसरा डोस, कारण पहिल्याने फ्लूकची अंडी मरत नाहीत.

हे सगळं मी लिहितेय, पण माझ्या मते क्वारंटाइनमधले मासे बहुतेक वेळा अमोनियाने जातात आणि नाव रोगाचं होतं. नवा कोरा स्पंज फिल्टर काहीच करत नाही. तो जिवंत झाला आहे का, म्हणजे त्यात अमोनिया खाणारे जिवाणू वसलेत का, ते आधी सांग.

---

ठाणे_टँगप्रेमी

ताईंच्या लिखाणाला नमस्कार, पण कोरल ब्यूटीसाठी मी वेगळा रस्ता धरेन. टँक ट्रान्सफर. दोन टाक्या किंवा दोन मोठे फूडग्रेड प्लास्टिकचे डबे लागतात. मासे दर ७२ तासांनी एकातून दुसऱ्यात, चार वेळा. इक माशावरून गळल्यावर कवच फुटून पिल्लं बाहेर यायच्या आत मासा तिथून निघून गेलेला असतो. रिकामं झालेलं भांडं धुऊन पूर्ण वाळवायचं. बारा दिवसांत काम होतं, औषध शून्य. नाजूक माशांना कॉपरमध्ये महिनाभर ठेवणं माझ्या जिवावर येतं.

वेळ पाळणं महत्त्वाचं. ७२ तासांच्या पुढे गेलं की अर्थ उरत नाही.

---

देवळाली_खारं_पाणी

पद्धत चांगली आहे, मीही ती सुचवते. पण तिच्याने इक जातो, व्हेल्व्हेट जाईल याची खात्री नाही, ब्रुक आणि फ्लूक तर नाहीच. ठाण्यात मासे तासाभरात घरी येतात आणि दुकान ओळखीचं असतं. हे मासे कसारा घाट चढून येणार, त्यांच्यासोबत त्या दुकानातल्या टाक्यांमधून काय आलंय ते कुणाला माहीत? म्हणून मी कॉपरकडे झुकते. कोरल ब्यूटी जर टाकीत लाजून बसलेली असेल, खात नसेल, तर तिला वेगळं काढून ट्रान्सफरवर घ्यायला माझी ना नाही. दोन टाक्यांचं मीठ लागेल एवढं त्याने मनाशी धरावं.

---

द्राक्षवाला_क्लाऊन

ताई, खूप आभार. मोरचुदाचा विचार सोडला. क्युप्रामिन आणि हॅनाचा चेकर मागवला, शनिवारपर्यंत येतोय. आज पाणी मापाने भरून बघितलं, ५५ लिटर भरलं. सत्तर धरून बसलो होतो, बरं झालं विचारलं.

स्पंज कोरा आहे, आजच लावला. आता काय करू? शिवाय आणखी काही प्रश्न:

मित्र एका लॅबमध्ये आहे, तो म्हणाला ब्रुक झाला तर फॉर्मलिन देतो. घेऊन ठेवू का?

दुकानातल्या पाण्याची सॅलिनिटी (खारेपणा) कमी असते म्हणतात. पिशवीत टाकीचं पाणी थेंबथेंब सोडून (ड्रिप करून) दोनतीन तास लावू का?

रात्री आमच्याकडे लाइट गेली तर हीटर आणि हवा दोन्ही बंद. आणि शेवटचं, औषधाचं काढलेलं पाणी बागेत ओतलं तर चालेल का? तांबं तिथे आम्ही फवारतोच.

---

सातपूर_सम्प

स्पंजसाठी माझ्याकडे ये. माझ्या सम्पमध्ये (मोठ्या टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) एक जादा स्पंज कायम पडलेला असतो. माझ्या टाकीत बराच काळ नवा मासा आलेला नाही आणि सगळे ठणठणीत आहेत. शनिवारी संध्याकाळी त्याच पाण्यात बुडवून ने, कोरडा पडू देऊ नकोस. लाइटसाठी बॅटरीवरचा एअर पंप घे, मासेमारीच्या सामानात मिळतो, फार पैसे लागत नाहीत.

---

देवळाली_खारं_पाणी

सातपूरकरांचा स्पंज जरूर घे. तुझ्या स्वतःच्या सम्पमधला घेतलास तरी चालेल, तुझा गोबी निरोगी असेल तर. सोबत बाटलीतले जिवाणूही टाक. आणि अमोनिया दाखवणारा बिल्ला मिळतो, काचेला आतून चिकटवायचा, तो लाव. तो विषारी अमोनियाच दाखवतो आणि कॉपर असलं तरी चालतो. अमोनिया वाढला तर पाणी बदल. क्युप्रामिन असताना प्राइम किंवा तसलं अमोनिया बांधणारं काही टाकू नकोस. ती द्रव्यं कॉपरचं रूप बदलून ते जास्त विषारी करतात. बाटलीवरही तसा इशारा असतो, पण तो बारीक अक्षरांत, म्हणून मी मोठ्याने सांगते.

पाणी बदलताना जेवढं काढशील तेवढ्याच लिटरमध्ये आधी कॉपर घालून मग ओत. दहा लिटर बदललंस तर त्या दहा लिटरला अर्धा मिली क्युप्रामिन, टाकी पूर्ण पातळीवर असेल तर. आणि बाष्पीभवनाने पाणी उतरलं की वरून फक्त साधं आरओचं पाणी, मार्करच्या खुणेपर्यंत. तांबं उडत नाही, मीठही उडत नाही, फक्त पाणी उडतं. खूण सोडून पाणी उतरलं तर डोस न टाकताही आकडा वाढलेला दिसेल. हीटर चालू आणि बाहेर कोरडी हवा, तुमच्या इंदिरानगरात पाणी झपाट्याने उतरेल.

फॉर्मलिनचं नीट ऐक. लॅबमध्ये बायोप्सीचे तुकडे ठेवायला जे असतं ते बहुतेक १० टक्के बफर्ड फॉर्मलिन, त्यात फॉस्फेटचे क्षार घातलेले. ते माशांसाठी नाही. माशांच्या स्नानाला ३७ टक्के फॉर्मल्डिहाइडचं द्रावण वापरतात आणि त्याचीही बाटली थंडीत राहून तळाला पांढरा गाळ बसला असेल तर फेकायची, तो गाळ माशांना जास्त घातक. शिवाय त्याची वाफ कर्करोगकारक म्हणून मान्य झालेली आहे. मी ते आयुष्यभर हाताळलं, फ्यूम हूडखाली, हातमोजे घालून. बेडरूमच्या कोपऱ्यातल्या टाकीपाशी ते उघडावं असं मी कुणालाही सांगणार नाही. क्लाऊनवर पडदा दिसला तर आधी मत्स्यरोग जाणणाऱ्या पशुवैद्याला फोन कर, मग इथे फोटो टाक. मेट्रोनिडाझोलचा उपयोग त्या वेळी होऊ शकतो. मात्रा त्यांच्याकडून घे.

ड्रिप करू नकोस. पिशवीत चार तास माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली येतो आणि म्हणून पिशवीतला अमोनिया त्या वेळी फारसा विषारी नसतो. पिशवी उघडलीस की वायू उडतो, पीएच चढतो, आणि पीएच एकाने चढला की विषारी अमोनिया जवळपास दहापट होतो. दोन तास थेंबथेंब पाणी टाकत बसलास तर मासे त्यातच बसलेले असतात. त्याऐवजी दुकानात फोन करून विचार, सॅलिनिटी किती आहे. १.०२० (ही पाण्याची सापेक्ष घनता, त्यावरून खारेपणा कळतो) म्हणाले तर तुझी टाकी रविवारी सकाळी १.०२० वरच ठेव. पिशवी बंद ठेवून पंधरावीस मिनिटं तरंगव, तापमान जुळू दे, मग उघड. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरने पिशवीतलं पाणी स्वतः तपास, जुळलं की मासे उचलून सोड, पिशवीचं पाणी टाकीत नको. नंतर दिवसाला ०.००१ ते ०.००२ ने चढव. वर नेताना घाई नको.

लाइटबद्दल. थंडीत टाकीचं पाणी हळू गार होतं, तासदोन तास जाड चादर गुंडाळलीस तर निभतं. हवा बंद पडणं त्याहून वाईट. समुद्राच्या पाण्यात २५ अंशाला लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, गोड्या पाण्यापेक्षा कमीच. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीला गेलं तर सव्वासहाच्या जवळ. म्हणून बॅटरीचा पंप आणच, आणि प्राझीच्या दिवसांत तो आधीच लावून ठेव.

बागेत पाणी ओतू नकोस. तांब्यापेक्षा त्यातलं मीठ मुळांना नडेल. लिटरला ३५ ग्रॅम मीठ म्हणजे तुझ्या टाकीत जवळपास दोन किलो. वडिलांना विचार, ते खारं पाणी वेलीला घालतील का. घरातल्या बाथरूममधून ड्रेनेजला जाऊ दे, वालदेवीत किंवा नासर्डीच्या नाल्यात नको. तिथे खेकडे, शिंपले, कोळंबी जे काय तग धरून आहे त्यांना तांबं सगळ्यात आधी मारतं. तुझ्या क्लीनर श्रिंपलाही तसंच, म्हणून क्वारंटाइनमध्ये घातलेला हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय मोठ्या टाकीत जाता कामा नये.

आणखी एक, तू विचारलं नाहीस पण शेतकऱ्याच्या घरात विचारावंच लागतं. फवारणीची बादली, ड्रम, मगा, नळी यातलं काहीही मीठ कालवायला घेऊ नकोस. कितीही धुतलं तरी नाही. मोरचूद तर राहीलच, पण आधीच्या फवारणीतलं कीटकनाशक राहिलं असेल तर कॉपर चेकर ते दाखवणार नाही. नवी बादली आण आणि तिच्यावर नाव घाल.

---

द्राक्षवाला_क्लाऊन

ताई, नवी बादली आणली. खरं सांगायचं तर मीठ कालवायला शेडमधलाच निळा ड्रम काढून ठेवला होता, परत नेऊन ठेवला. दुकानात विचारलं, १.०१९ आहे म्हणाले. आता टाकी १.०२५ वर आहे, आरओचं पाणी घालून खाली आणतोय.

एकच शंका. पहिले दोनतीन दिवस औषध नाही म्हणालात, त्या काळात त्यांना काय खायला घालू? आणि किती?

---

देवळाली_खारं_पाणी

पाणी घालशील तेव्हा खुणेवरचं काढून टाक, लिटरांचा हिशोब बदलू देऊ नकोस.

खायला गोठवलेला मायसिस (कोळंबीसारखा बारीक जीव). आधी वाटीत वितळव, गाळणीतून पाणी काढून टाक, ते पाणी टाकीत गेलं की अमोनिया वाढतो. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं लगेच नळीने ओढून घे. कोरल ब्यूटीला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लाव, ती आधी त्यालाच टोचा मारेल. पहिल्या दिवशी कुणी खाल्लं नाही तर घाबरू नकोस, दिवा मंद ठेव आणि टाकीसमोर कुणाला फिरू देऊ नकोस.

रविवारी रात्री मला तीन आकडे लिही: सॅलिनिटी, तापमान, अमोनिया. आणि क्लाऊनचे दोन फोटो, दोन्ही बाजूंचे, दिवा तिरपा धरून.